रिकाम्या कात्रीचा आवाज

'आहे तसा माणूस' मंडळाची सभा दर आठवड्याला अध्यक्षांच्या सलूनमध्ये भरत असे, आणि सभेआधी निम्मे सभासद अध्यक्षांकडून केसांना कलप लावून घेत असत. यात काही विसंगती आहे असं कोणाला कधी वाटलं नाही. माणसाच्या अंगात यंत्र, तार, चकती असलं काही घालू नये, निसर्गानं दिला तसा माणूस राहावा, हे मंडळाचं तत्त्वज्ञान होतं. केस काळे असावेत, हे मंडळाचं मत होतं. तत्त्वज्ञान वेगळं आणि मत वेगळं, एवढं सगळ्यांना कळत होतं.

समोरचा पक्ष म्हणजे नगरपालिकेतला 'पुढची पायरी' गट. त्यांचं म्हणणं असं की माणूस हा कच्चा खर्डा आहे, पक्की प्रत अजून व्हायची आहे. डोळा मंद झाला, बदला. स्मरणशक्ती कमी पडली, जोडा. गुडघा कुरकुरायला लागला तर त्याची समजूत काढत बसू नका. यावर मंडळाचे चिटणीस गुरुजी विचारत, "खर्डा कोणी लिहिला ते आधी सांगा, मग दुरुस्तीचं बोलू." या उत्तरानं नेमकं काय सिद्ध होतं ते कोणाला सांगता आलं नसतं, पण ऐकायला इतकं बरं वाटे की टाळ्या पडत.

गुरुजी निवृत्त भूगोल शिक्षक. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ होत्या आणि त्या सगळ्या आहे तशा वाहाव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या तोंडात वरखाली कवळी होती. कवळीचा प्रश्न मंडळात एकदाच निघाला होता. ती काढून पेल्यात ठेवता येते, म्हणून ती चष्म्यासारखी वस्तू आहे, शरीराचा भाग नव्हे, असा निर्णय स्वतः गुरुजींनीच दिला होता. निर्णय देताना ती जरा वाजली, पण तेवढं कोणी मनावर घेतलं नाही.

मंडळानं नगरपालिकेशी भांडून एक नियम करून घेतला होता. ज्याच्या अंगात यंत्र बसवलेलं आहे, त्यानं कामाच्या जागी दारावर निळी पाटी लावायची: 'येथे सुधारित माणूस काम करतो.' गिऱ्हाइकाला कळायला नको का, हा मंडळाचा मुद्दा होता आणि तो काही वाईट नव्हता. विजयाच्या आनंदात मंडळानं पाट्या स्वतःच रंगवून घेतल्या, मागेल त्याला फुकट. अजून कोणी मागायला आलं नव्हतं. पाट्यांचा गठ्ठा सलूनमध्ये टॉवेलांच्या कपाटामागे उभा होता.

आणि याच सुमारास अध्यक्षांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी करंगळी, मग पंजा, मग मनगटापासून सगळाच. वस्तऱ्यावर पोट चालणारा माणूस. त्याच्या हातात थरथर म्हणजे काय, ते सांगायला नको. एके दिवशी गुरुजींच्या हनुवटीखाली जरा जास्तच लागलं. गुरुजींनी तुरटी लावून घेतली, "काही नाही रे, हनुवटीच पुढे आली," म्हणाले आणि गेले. अध्यक्षांनी वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि डबी वरच्या फळीवर सरकवली.

मंडळानं मात्र या हाताचं सोनं केलं. सभेत अध्यक्ष उठत, थरथरता हात वर करत आणि म्हणत, "हा कंप माझा आहे! याच्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही!" खजिनदारांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खजिनदार निवृत्त पोस्टमास्तर होते आणि शिक्क्याचा विषय निघाला की ते हळवे होत.

टाळ्या संपल्या की सभासद घरी जात, आणि अध्यक्ष गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून शिळी वर्तमानपत्रं वाचत. दाढीला कोणी येईना. केस कापायला आलेला माणूस हात बघून, "असू दे, आज जरा घाईत आहे," म्हणून रस्ता धरी. त्यांच्या बायकोनं दोनदा सुचवलं की दुकान बंद करून टाकू. अध्यक्ष म्हणाले, "बंद करून काय करू?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे उत्तर नसणं ही त्या घरात मोठीच घटना होती.

एकटे गुरुजी रोज यायचे. दाढीला नाही, नुसते बसायला. दुसऱ्या सलूनची पायरी चढायची नाही असं ठरवून ते घरीच दाढी करत होते. आता दाढी करताना चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की गुरुजींना आरशात फक्त एक पुसट द्वीपकल्प दिसे. त्यामुळे रोज सकाळी गालावर, ओठाखाली, कानापाशी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून ते येत. रक्त थांबायला.

"गुरुजी, आज मुखपृष्ठ लावलंय वाटतं," अध्यक्षांची बायको म्हणाली.

"आतलं पान आहे, वहिनी. मुखपृष्ठ परवा लावलं होतं."

ते गेल्यावर अध्यक्षांनी बाकावर पडलेला एक कपटा उचलला. मग म्हणाले, "अगं, तुझ्या भाचीचा फोन नंबर आहे का?"

"माझी कशी? तुमच्या बहिणीची मुलगी आहे ती."

"तेच ते."

"आणि ती काय काम करते, माहीत आहे ना? सभेत तिच्या दवाखान्याला तुम्ही 'माणसांचं गॅरेज' म्हणाला होतात."

"ते भाषण होतं."

"बरं, बरं," ती म्हणाली आणि फोन आणायला गेली. जाताजाता थांबली. "मला एक कळत नाही. निसर्गानं माणसाच्या तोंडावर जे उगवलं ते रोज खरवडून काढायचं, हाच जन्मभर धंदा केलात. मग निसर्गाची बाजू तुमच्याकडे आली कशी?"

"कोणीतरी घ्यायला हवीच होती," अध्यक्ष म्हणाले.

*

भाचीच्या दवाखान्यात कंप थांबवणारी यंत्रं बसवत. अध्यक्षांच्या कोपराच्या वर, कातडीखाली, वाटाण्याएवढं एक यंत्र बसलं. हाताची बारीक, भराभर होणारी थरथर ओळखायची आणि तिला उलट्या बाजूनं ढकलून थांबवायची, एवढंच त्याचं काम. मंडळात सांगितलं की अध्यक्ष बहिणीकडे विश्रांतीला गेलेत. ते खोटंही नव्हतं; निजायला ते बहिणीकडेच होते.

परत आल्यावर बायकोनं एक फुगा फुगवला. वस्तरा शिकताना सगळे फुग्यापासूनच सुरुवात करतात: फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता फेस काढायचा. अध्यक्षांनी डबी खाली काढली, वस्तरा उघडला. बायकोनं फुगा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून तोंड बाजूला केलं. बराच वेळ काहीच आवाज झाला नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा फुगा स्वच्छ होता आणि नवऱ्याचा चेहरा पार ओला.

"हात बघ," ते म्हणाले. "बघ ना."

"बघतेय. आधी तोंड पुसा."

म्हणजे हात आला. पण हाताबरोबर काही भानगडीही आल्या. यंत्राला थरथर कळायची, पण हेतू कळायचा नाही. जे जे भराभर, पुन्हा पुन्हा हलेल, ते ते त्याच्या लेखी कंपच. दाढीच्या ब्रशानं वाटीत फेस घोटायला घेतला की दोन फेऱ्यांत हात थंड. औषधाची बाटली हलवायला घेतली की हात थंड. घरी सोडायला आलेली भाची निघाली तेव्हा मामांनी टाटा करायला हात उचलला आणि तो नुसता उभाच राहिला. ती बिचारी रस्त्याच्या मधोमध थांबली, तिला वाटलं मामा थांब म्हणतोय.

"फेस मी करत जाईन," बायको म्हणाली. "तत्त्वज्ञान तुम्ही करा."

अध्यक्षांनी बेत साधा ठरवला होता. खुर्चीपाशी स्थिर हात, सभेत थरथरता. माणूस चारचौघांत जरा थरथरतोच, कोणाला काय कळणार? सभेच्या दिवशी ते तालमीसाठी आरशासमोर उभे राहिले.

"हलवा," बायको म्हणाली.

"हलवतोय."

"कुठं?"

अध्यक्ष जीव तोडून हात हलवत होते. हात पुतळ्याच्या हातासारखा होता. फक्त खाली कोणाचं नाव कोरायचं राहिलं होतं.

सभा भरली. ठरलेल्या जागी अध्यक्ष उठले, "हा कंप..." म्हणाले आणि हात वर केला. पुढचं वाक्य त्यांना सुचेना. सगळे हाताकडे बघत होते. हात सगळ्यांकडे बघत होता. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उचलला, निदान थोडं सांडेल. एक थेंब सांडला नाही. शेवटी नाइलाजानं त्यांनी तो मुद्दाम तिरपा केला, तर पाण्याची एक सुंदर, सरळ धार खजिनदारांच्या बुटात गेली.

"अरेच्चा," खजिनदार म्हणाले. "अध्यक्ष, हात!"

अध्यक्ष सांगणार होते. खरंच सांगणार होते; तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी गुरुजी ताडकन उठले. त्यांच्या गालावरचा कपटा उत्साहानं निसटला.

"मंडळी! याला म्हणतात निसर्ग! ना यंत्र, ना तार. नुसती विश्रांती घेतली आणि शरीरानं स्वतःच स्वतःला बरं केलं! अरे अध्यक्षा, तू आपला जिताजागता पुरावा आहेस!"

टाळ्यांनी आरसे हलले. त्या थांबवायला अध्यक्षांनी हात वर केला आणि तसेच खाली बसले. बायको टॉवेल घेऊन दारात उभी होती, गप्प. तिच्या गप्प बसण्याचे बरेच प्रकार होते. हा शेवटून दुसरा होता.

त्याच भरात गुरुजींनी पुढचा ठराव मांडला. पाटी पुरेशी नाही. ज्या कामात दुसऱ्याच्या अंगाला हात लावावा लागतो, तिथे सुधारित हात मुळीच चालणार नाही. दाई, परिचारिका, केस कापणारा, कोणीही असो. "त्या यंत्राचा लगाम कोणाच्या हातात आहे? उद्या कंपनीनं लांबून एक बटण दाबलं, आणि वस्तरा माझ्या गळ्यावर असला, तर? मी हात कोणाचा धरू? कंपनीचा?" नगरपालिकेत यावर जाहीर सुनावणी होणार होती. मंडळाकडून गुरुजी बोलणार, आणि बरा झालेला हात घेऊन अध्यक्ष शेजारी उभे राहणार, असं ठरलं. एकमतानं. अध्यक्षांचा हात वर होता. मघाशी केलेला खाली घ्यायला ते विसरले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत बसले. किती महिन्यांनी. मान मागे टाकली, डोळे मिटले.

अध्यक्षांनी बायकोनं केलेला फेस लावला. दाढी झाली. अशी दाढी त्यांनी तरुणपणीही केली नसेल. गालावरून माशी घसरली असती. मग कानाजवळचे केस जरा वाढलेत म्हणून त्यांनी कात्री घेतली.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. केस कापणाऱ्याची कात्री केस कापतानाच वाजते असं नाही. एक बट कापून दुसरी हातात येईपर्यंत ती हवेतच उघडझाप करत राहते. टिकटिकटिक. त्यात कापलं काही जात नाही. का वाजवतात विचाराल तर कोणालाच सांगता येत नाही. हात चालता राहतो, एवढंच. अध्यक्षांची रिकामी कात्री सगळ्या गल्लीला माहीत होती. जोरात, जलद, मध्येच एक ठोका गाळून. दुकान उघडं आहे की बंद, हे लोक पाटीवरून नाही, या आवाजावरून ओळखत. आणि गुरुजी त्या आवाजात दहा मिनिटं झोप काढत.

कच्च, एक बट. मग काहीच नाही. कच्च, दुसरी बट. मग काहीच नाही. कात्री हवेत आली की हात थंड पडत होता.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "कात्री आज गप्प का रे?"

"वय झालं, गुरुजी," अध्यक्ष म्हणाले.

"हं," गुरुजी म्हणाले. झाल्यावर त्यांनी गालावरून हात फिरवला, चष्मा लावला, आरशात बराच वेळ बघितलं, आणि नेहमीसारखे बाकावर न बसता निघून गेले.

*

"तेवढी कात्रीची परवानगी दे यंत्राला," अध्यक्ष दवाखान्यात भाचीला म्हणाले. "बाकी काही नको. बाटली नको, टाटा नको. कात्री."

भाचीनं नुसती एक पट्टी दंडाला लावली आणि समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मामा, यंत्र बंद केलंय. आता हात मोकळा सोड."

हात थरथरायला लागला. पडद्यावर रेघ नाचायला लागली.

"आता कात्री धर आणि वाजव."

टिकटिकटिक. किती दिवसांनी. अध्यक्ष हसले. पडद्यावर दुसरी रेघ आली. भाची पहिली रेघ बघे, दुसरी बघे, पुन्हा पहिली.

"काय झालं?"

"मामा, या दोन्ही सारख्याच आहेत. तोच वेग. इथे बघ, मध्येच एक ठोका गळतो, तोही सारखाच." तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "यंत्राला मी काहीही शिकवीन. पण आधी मला कोणीतरी सांगायला हवं. यातला आजार कुठला आणि तू कुठला?"

अध्यक्षांनी दोन्ही रेघा बघितल्या. सभेत त्यांनी या विषयावर तासतास भाषणं केली होती. 'माझा कंप' म्हणाले होते, 'माझा निसर्ग' म्हणाले होते. आणि आता प्रश्न समोर पडद्यावर होता, उत्तर त्यांच्याच दंडात होतं, आणि त्यांना ते देता येईना.

"जन्मभर एकच चाळा केला," ते शेवटी म्हणाले. "हाताला सवय लागली असेल. थांब म्हटलं तरी थांबत नसेल."

"तसा होत नाही हा आजार."

"तुझ्या शास्त्रात होत नसेल. पण आवाज तर माझाच आहे ना?"

भाचीनं वाद घातला नाही. हे बरं केलं तिनं. मग म्हणाली, "सध्या दोनच गोष्टी जमतील. दोन्ही ठेव, नाहीतर दोन्ही सोड."

अध्यक्षांनी कात्री खाली ठेवली. गुरुजींच्या गालावरचे कपटे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. "यंत्र चालू कर," ते म्हणाले.

ती पट्टी काढत होती तेव्हा त्यांनी विचारलं, "याचा लगाम कोणाच्या हातात असतो गं?"

"सध्या माझ्या."

"म्हणजे उद्या तुझ्या मनात आलं तर..."

"लहानपणी तू माझ्या डोक्यावर वाटी ठेवून केस कापायचास, मामा. सूड घ्यायचा असता तर तेव्हाच मनात आलं होतं." मग तिचा चेहरा बदलला. "पण गुरुजींचा प्रश्न खोटा नाहीये. कंपनीनं काय करायचं आणि काय नाही, हे लिहून घ्यायलाच हवं, आणि ते आम्ही डॉक्टर मंडळी आपणहून कधी मागणार नाही. तुमचं मंडळच मागेल. म्हणून तर म्हणते, कंपनीला वेसण घाला. हाताला कशाला घालता?"

"हे तू सुनावणीत का नाही बोलत?"

"मला कोण विचारतंय? मी गॅरेजवाली."

*

सुनावणी दुपारी होती. गुरुजी सकाळी दाढीला येणार, हे न सांगता ठरलेलं होतं; सुनावणीला जायचं तर चेहरा हवाच.

अध्यक्ष लवकर उठून दुकानात आले. त्यांनी टॉवेलांच्या कपाटामागे हात घातला, गठ्ठ्यातली वरची पाटी काढली आणि फडक्यानं पुसली. बायको वाटीत फेस घोटत होती.

"आजच?" तिनं विचारलं.

"गुरुजी आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. आज माझ्यामुळे सगळ्या गावासमोर बोलतील, 'हा हात निसर्गानं बरा केला' म्हणून."

"आणि ठराव पास झाला तर? हे दुकान जाईल."

"जाईल."

"आणि गुरुजी बसलेच नाहीत खुर्चीत?"

अध्यक्षांची खरी भीती तीच होती. दुकानाचं त्यांनी एव्हाना मनात मिटवून टाकलं होतं. त्यांनी स्टूल घेतलं, खिळा घेतला. पण हातोडीचे ठोके पुन्हा पुन्हा, भराभर मारावे लागतात. दुसऱ्या ठोक्याला हात थंड पडला. बायकोनं वाटी ठेवली, हातोडी घेतली, चार ठोक्यांत खिळा बसवला आणि म्हणाली, "सुधारित माणसाला पाटीसुद्धा बायकोनंच लावून द्यायची का?"

पाटी लागली. निळी, ठळक. समोरचा फळवाला वाचून गेला. दोन मुली वाचून हसून गेल्या.

गुरुजी आले. हातात भाषणाचे कागद, डोळ्यावर चष्मा. दारात थांबले. पाटी त्यांनी पूर्ण वाचली, अक्षरन् अक्षर, जसे ते मुलांच्या उत्तरपत्रिका वाचत. मग आत आले, चष्मा काढला, खिशात ठेवला आणि खुर्चीत बसले.

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. "गुरुजी, पाटी वाचलीत ना?"

"वाचली. 'सुधारित' या शब्दाबद्दल माझी शंका आहे, पण ते राहू दे."

"मी तुम्हाला सांगणार होतो."

"मला त्याच दिवशी कळलं. अरे, इतकी वर्षं डोळे मिटून या खुर्चीत बसतोय. माझे डोळे गेले असतील, कान नाही गेले."

"मग बोलला का नाहीत?"

गुरुजी जरा वेळ छताकडे बघत राहिले. छत त्यांना दिसत नव्हतं. "दाढी फार छान झाली होती," ते म्हणाले.

बायकोनं तोंड फिरवून टॉवेल झटकायला घेतला.

"मला यंत्राचा राग नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणजे आहे, पण तो तात्त्विक आहे, तो वेगळा. मला राग आला तो 'वय झालं' म्हणालास त्याचा. माझ्यापेक्षा लहान आहेस तू. मित्राला थाप मारायची तर जरा बरी मारावी." मग आवाज उतरला. "आणि मला न सांगता गेलास. एकटाच टेबलावर पडलास. भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मी आलो असतो की. बाहेर बसून निषेध केला असता, पण आलो असतो."

अध्यक्षांनी फेस लावायला घेतला. गाल, हनुवटी, गळा. वस्तरा उघडला. गुरुजींनी मान मागे टाकली आणि गळा वर केला. दुपारी ज्या हातावर बंदी मागायची, त्या हातासमोर. वस्तरा खालून वर गेला, एकदा, दोनदा. कुठे अडखळला नाही.

"भाषणाचं काय?" अध्यक्षांनी पुसतापुसता विचारलं.

"भाषण आहेच. कंपनीला सोडणार नाही मी. लगामाचं विचारणारच. फक्त मध्ये ते हातांवरच्या बंदीचं पान आहे ना..." गुरुजींनी मांडीवरचे कागद चाचपले, त्यातलं एक पान काढलं आणि वहिनींकडे दिलं. "वहिनी, हे घ्या. कोणाला लागलं-बिगलं तर चिकटवायला होईल."

"आता लागणार नाही कोणाला," ती म्हणाली, पण पान घेतलं.

"आणि पुराव्याचं काय करायचं? मला शेजारी उभं करणार होतात."

"उभा राहाच. हात वर करायचा आणि खरं काय ते सांगायचं. मग मी सांगेन की माझा याच्याशी मतभेद आहे, आणि माझी दाढी याच माणसानं केली आहे. त्यातून लोकांना काय समजायचं ते समजू दे. मलाही अजून नीट समजलेलं नाही." त्यांनी डोळे मिटले. "कानाजवळचे केस बघ जरा."

अध्यक्षांनी कात्री घेतली. कच्च, एक बट. मग कात्री हवेत आली आणि हात थंड पडला. दुकानात शांतता झाली. दोघांनाही ती ऐकू आली.

मग खुर्चीतून आवाज आला. टिकटिकटिक. अध्यक्षांनी दचकून कात्रीकडे बघितलं. कात्री मिटलेली होती. गुरुजी डोळे मिटून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, वरची कवळी खालच्या कवळीवर वाजवत होते. जोरात, जलद, मध्येच एक ठोका गाळून.

"गुरुजी, हलू नका. कान कापला जाईल."

"तुझा हात हलत नाही ना आता? मग माझं तोंड हललं तर काय बिघडतं? तू काप."

कच्च, दुसरी बट. टिकटिकटिक.

बाहेर पाटी वाचून घुटमळत उभा असलेला फळवाला तो आवाज ऐकून दार ढकलत आत आला आणि बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघू लागला.